पॅलेस थिएटर आणि खासबाग मैदान : कोल्हापूरच्या एका सामायिक वास्तूचा इतिहास

८ ऑगस्ट २०२४, गुरुवारची रात्र. कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रात्रभर मोबाइलवर त्या आगीचे व्हिडिओ फिरत होते. त्यानंतर शाळा भरली तेव्हा आम्ही वर्गात तोच विषय काढला. मुलं ऐकत होती, पण चेहऱ्यावर विशेष काही दिसत नव्हतं. शेवटी सातवीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, "पण त्यात आपलं काय जळालं?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तिला ते सांगितलं गेलं नव्हतं यात दोष आमचाच, म्हणजे शिक्षकांचा आणि घरातल्या मोठ्यांचा. त्या दिवसांत हा प्रश्न जरा जास्तच बोचला. जेमतेम महिनाभर आधी, १४ जुलैला, विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, कोल्हापूर शहरातही दगडफेक आणि जमावबंदी लोकांनी पाहिली होती. अशा दिवसांत वाढणारं लेकरू शहरातल्या एखाद्या मोठ्या वास्तूकडे पाहून "हे त्यांचं, हे आपलं" अशी वाटणी करत असेल तर नवल नाही.

म्हणून या वास्तूचा इतिहास इथे एकत्र मांडत आहोत. वाचकांनी तो घरातल्या मुलांना वाचून दाखवावा, एवढीच अपेक्षा.

वास्तू कुठे आणि कशी

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर खासबाग नावाचा भाग आहे. बाहेरगावच्या लोकांना तो मिसळीमुळे आणि तिथल्या खाऊगल्लीमुळे माहीत असतो. तिथेच दोन वास्तू पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. एक बंदिस्त नाट्यगृह, ज्याचं मूळ नाव पॅलेस थिएटर. दुसरं कुस्तीचं खुलं मैदान, राजर्षी शाहू खासबाग मैदान. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला मैदानाकडे तोंड करून व्यासपीठ आहे, त्यामुळे मोठी गर्दी जमणारा कार्यक्रम असला की तो मैदानातल्या लोकांनाही पाहता येतो.

दोन्ही वास्तू एकाच माणसाने, तीन-चार वर्षांच्या अंतरात उभ्या केल्या. एकीकडे गाणं आणि नाटक, दुसरीकडे कुस्ती. शहरातल्या शिकलेल्या आणि न शिकलेल्या, पेठेतल्या आणि खेड्यातून बैलगाडीने येणाऱ्या, सगळ्या माणसांच्या विरंगुळ्याची सोय एका जागी झाली. त्यामुळे एकीचा इतिहास दुसरीला सोडून सांगता येत नाही.

लहान शहर, लांबची नजर

आज कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या पुढे असेल. पण १९०१ च्या जनगणनेत ती साधारण ५४ हजार होती, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. अशा लहान संस्थानी शहराची गादी छत्रपती शाहू महाराजांकडे होती. जन्म २६ जून १८७४, राज्यारोहण २ एप्रिल १८९४, निधन ६ मे १९२२. अवघी ४७ वर्षांची जिंदगी.

शाहू महाराजांचं नाव आपण आरक्षणाच्या संदर्भात नेहमी ऐकतो. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्या वेळी ते सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेलेले होते. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला.

आपल्या समाजाशी जोडलेली गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. मुसलमान मुलं शिकत नाहीत, शिकायला शहरात आली तर राहायला जागा नाही, हे महाराजांच्या लक्षात आलं होतं. १९०६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचं अध्यक्षपद त्यांनी स्वतः घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग ही त्याच कामाची खूण. सर्वसामान्य मराठी मुसलमानाला आपला धर्मग्रंथ आपल्या बोलीत समजावा म्हणून कुराणाच्या मराठी भाषांतरासाठीही त्यांनी पैसा दिला.

ही माहिती इथे देण्याचं कारण एवढंच, की बोर्डिंग बांधणारा हात आणि थिएटर बांधणारा हात एकच होता. बोर्डिंग आपलं आणि थिएटर दुसऱ्याचं, अशी वाटणी बांधणाऱ्याच्या मनात नव्हती.

खासबाग मैदान, १९१२

विलायतेच्या त्याच दौऱ्यात महाराजांनी रोममधलं प्राचीन कलोसियम पाहिलं. हजारो माणसं एका वेळी बसतील आणि प्रत्येकाला मधोमध काय चाललंय ते दिसेल, ही त्याची रचना त्यांच्या मनात राहिली. स्वतः तगडे मल्ल, कुस्तीचे शौकीन. परत आल्यावर कोल्हापुरात तसंच मैदान बांधायचं त्यांनी ठरवलं, आणि ते १९१२ मध्ये तयार झालं.

मैदानाची रचना आजही पाहण्यासारखी आहे. मधोमध तांबड्या मातीचा हौद. त्याच्या भोवती गोलाकार चढत जाणारी बसण्याची जागा. भोवताली दगडी तट. पुढच्या माणसाचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. तीसेक हजार माणसं बसून कुस्ती पाहू शकतात. हौदातली माती म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू असं बरंच काही मिसळलेलं असतं. त्यामुळे ती मऊ राहते आणि जखम चिघळत नाही, असं वस्ताद सांगतात.

या मैदानाची पहिली मोठी कुस्ती कुणाची झाली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पहिलवानाचा धाकटा भाऊ. पंजाबातले हे मल्ल शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरला येत, राहत, इथल्या पोरांना डाव शिकवत. कोल्हापूर 'कुस्तीची पंढरी' झालं ते उत्तरेतल्या आणि दख्खनेतल्या मल्लांच्या या घसटीतून. मराठी पोरगा आणि पंजाबी मुसलमान वस्ताद एकाच मातीत घाम गाळत होते. ही गोष्ट त्या काळी इतकी रोजची होती की तिचं कुणाला विशेष वाटत नसे.

शब्दांची साक्ष

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हा भाग आम्हाला खास प्रिय आहे. कुस्तीची भाषा घ्या. 'कुस्ती' आणि 'पहिलवान' हे शब्द फारसीतून आले. 'वस्ताद' म्हणजे आपला 'उस्ताद'च. 'हौद' अरबीतल्या 'हौज'वरून. 'आखाडा' मात्र अस्सल देशी. 'खासबाग' आणि 'मैदान' यांचा उगम तर उर्दू वाचणाऱ्या मुलाला सांगावाच लागत नाही.

सर्वात सुंदर शब्द 'तालीम'. अरबीत त्याचा अर्थ शिक्षण. उर्दूत आपण शाळेच्या शिक्षणालाच तालीम म्हणतो. कोल्हापुरी मराठीत मात्र तालीम म्हणजे व्यायामशाळा, जिथे पोरं जोर-बैठका काढतात. नाटकवाले सरावालाही तालीमच म्हणतात. म्हणजे मदरशात, आखाड्यात आणि रंगमंचामागे, तिन्ही ठिकाणी एकच शब्द चालतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, आणि मग विसरत नाहीत.

कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालमी ही या शहराची जुनी समाजमंदिरंच आहेत. तिथे नुसता व्यायाम होत नाही. गणपती बसतो, भांडणं मिटतात, पुराच्या वेळी माणसांना आसरा मिळतो. आणि मोहरमला याच तालमींत पंजेही बसतात. बाबूजमाल तालमीचं नाव या बाबतीत सर्वांना माहीत आहे. २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळी आले. तेव्हा शहरातल्या काही तालमींत गणपती आणि पंजे एकाच छताखाली होते. मोहरमच्या या चालीरीतींबद्दल आपल्यात वेगवेगळी मतं आहेत, ती असू द्या. पण त्या दारांतून दोन्ही समाजांची माणसं ये-जा करत आली, ही नोंद इतिहासात राहते.

पॅलेस थिएटर, १९१३ ते १९१५

मैदान झालं आणि लगेच महाराजांनी शेजारी नाट्यगृहाचं काम हाती घेतलं. १९१३ मध्ये काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये नाट्यगृह खुलं झालं.

त्या काळाची स्थिती लक्षात घ्यायला हवी. संगीत नाटकांचा तो सुवर्णकाळ. पण नाटक मंडळ्या गावोगाव फिरत आणि बहुतेक ठिकाणी कापडी किंवा पत्र्याच्या तात्पुरत्या मांडवात खेळ करत. पाऊस आला की खेळ बंद. आवाज मोठा करणारी यंत्रं नव्हती. नटाने गायलेलं पद शेवटच्या रांगेपर्यंत त्याच्या गळ्याच्या जोरावरच पोचायचं. त्यामुळे नाट्यगृहाची इमारत हेच एक वाद्य होतं म्हणा ना. छत, भिंती, रंगमंचाची उंची यांत जरा चूक झाली की आवाज घुमायचा किंवा विरायचा. पॅलेस थिएटरची ख्याती झाली ती इथेच. घडीव दगडाच्या भिंती, लाकडाचा प्रशस्त रंगमंच आणि माइकशिवाय शेवटपर्यंत ऐकू जाणारा आवाज.

केशवराव भोसले कोण होते

या नाट्यगृहाला नंतर ज्यांचं नाव दिलं गेलं ते केशवराव भोसले कोल्हापूरचेच. जन्म ९ ऑगस्ट १८९०, गरीब घरात. शाळेपेक्षा पोटाची चिंता मोठी, म्हणून लहानपणीच नाटक कंपनीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' नाटकात शारदेची भूमिका करून हा पोरगा महाराष्ट्रभर गाजला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं दुःख सांगणारं ते नाटक.

१९०८ मध्ये त्यांनी हुबळीला 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली. तेव्हा त्यांचं वय होतं सतरा. 'संगीतसूर्य' ही त्यांची ओळख. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा खेळ झाला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, केशवराव आणि बालगंधर्व, एका रंगमंचावर उभे राहिले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या रात्रीची आठवण अजून निघते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने वारले. वय अवघं ३१.

शिक्षण अर्धवट सुटलेल्या गरीब पोराच्या नावाने शहराची सर्वात देखणी वास्तू ओळखली जाते. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

सूर कुणाचा होता

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं थेट उत्तर.

शाहू महाराजांच्या दरबाराचे गायक होते उस्ताद अल्लादिया खाँ. जन्म १८५५, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. भरउमेदीत आवाज बसला, तेव्हा खचून न जाता त्यांनी आपल्या गळ्याला पेलेल अशी नवी गायकी घडवली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराणं म्हणून देशभर ओळखली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते कोल्हापूरला आले आणि महाराजांच्या निधनापर्यंत इथेच राहिले. त्यानंतर मुंबईला गेले आणि तिथेच १९४६ मध्ये त्यांचं निधन झालं.

कोल्हापूरची संगीत रंगभूमी खाँसाहेबांच्या सावलीत वाढली. 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे. खाँसाहेबांच्या गायकीने ते भारावलेले होते आणि त्यांनी पुढे खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. 'स्वयंवर' नाटकाच्या चाली देणारे भास्करबुवा बखले यांनीही खाँसाहेबांकडे तालीम घेतली होती. म्हणजे मराठी माणूस ज्या नाट्यपदांवर जीव टाकतो, त्यांच्या मुळाशी एका मुसलमान उस्तादाची तालीम आहे. खाँसाहेबांचे पुत्र भूर्जी खाँ वडील गेल्यावरही कोल्हापूरशी बांधलेले राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडवले. अंबाबाईच्या देवळातही या घराण्याचा सूर घुमला आहे.

ही एकट्या कोल्हापूरची गोष्ट नाही. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवाँ होते आणि सारंगीवर कादरबक्ष. शेजारच्या मिरजेत शिकलगारांनी घडवलेले तंबोरे आणि सतारी देशभर जात होत्या, अजूनही जातात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ त्याच मिरजेत येऊन राहिले. पडद्यापुढे नाव कुणाचंही असो, साथीला, तालमीला, वाद्य घडवायला आपली माणसं होती.

पडदा कुणी रंगवला

नाटकात आणखी एक गोष्ट लागते, मागचा पडदा. राजवाडा, जंगल, नदी, रस्ता, सगळं कापडावर रंगवलेलं. या कामात कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ अव्वल होते. नाटकाच्या पडद्यांपासून सुरुवात करून बाबूरावांनी पुढे कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत एक होते शेख फत्तेलाल. सगळे त्यांना 'साहेबमामा' म्हणत.

१९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. तिच्या संस्थापकांत व्ही. शांताराम, दामले, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर फत्तेलाल होते. १९३६ चा 'संत तुकाराम' दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे 'संत ज्ञानेश्वर' आणि 'संत सखू' या चित्रपटांवरही फत्तेलाल यांचं नाव आहे.

मराठी माणसाच्या मनातल्या तुकोबांचं पडद्यावरचं रूप घडवणाऱ्या दोघांत एक मुसलमान कारागीर होता. त्याने स्वतःचं नाव लपवलं नाही आणि त्याला कुणी लपवायला सांगितलंही नाही.

संस्थान गेलं, वास्तू लोकांची झाली

मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाची करमणूक आणि प्रजेची करमणूक हा फरक संपला. पॅलेस थिएटरचं नाव बदलून केशवराव भोसले नाट्यगृह झालं. डिसेंबर १९७२ मध्ये कोल्हापूर महानगरपालिका स्थापन झाली. आज नाट्यगृह तिच्याच ताब्यात आहे.

तेव्हापासून या रंगमंचावर काय काय झालं त्याची यादी लांब होईल. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्राचे प्रयोग, व्यावसायिक नाटकं, गाण्याच्या मैफली, व्याख्यानं, शाळांची स्नेहसंमेलनं. आम्हीही काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची मुलं घेऊन त्या रंगमंचावर गेलो होतो. मुलांनी एक छोटं मराठी नाटुकलं केलं. एका मुलाची अम्मी आयुष्यात पहिल्यांदा नाट्यगृहात आली होती. खुर्चीच्या अगदी कडेला बसून तिने सगळा खेळ पाहिला, आणि जाताना म्हणाली, "इत्ती बडी जगा है, हमकू मालूमच नहीं था." घर दोन किलोमीटरवर, आणि पिढ्यानपिढ्या तिथे कुणी गेलेलं नाही.

यात कारणं दोन्हीकडची आहेत. गाणं-नाटक याबद्दल आपल्या अनेक घरांत नापसंती आहे. ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे वागावं, त्यावर आम्ही इथे मत देत नाही. पण त्या दारातून फक्त नाटकंच होत नाहीत. बक्षीस समारंभ, आरोग्यावरची व्याख्यानं, विज्ञानाचे कार्यक्रम, वक्तृत्व स्पर्धाही होतात. कर आपणही भरतो. सार्वजनिक वास्तूत पाऊल न ठेवणारा माणूस तिच्यावरचा आपला हक्क आपल्या हातानेच सोडून देतो. आणि दुसऱ्या बाजूने, संयोजकांनीही कार्यक्रमाची पत्रिका आपल्या मोहल्ल्यातल्या शाळांपर्यंत कधी पोचवली का, हे स्वतःला विचारावं.

८ ऑगस्ट २०२४ ची आग

दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. नाट्यगृहात कार्यक्रम ठरलेला होता. आदल्या रात्रीच आग लागली. लाकूड, पडदे, खुर्च्यांचा कापूस-फोम, विजेची उपकरणं, सगळंच पेट घेणारं सामान. रंगमंच, छत आणि आतली आसनं खाक झाली. खासबागेच्या बाजूच्या व्यासपीठालाही आगीची झळ बसली. शंभरावर वर्षांपूर्वीच्या दगडी भिंती तेवढ्या काळवंडून उभ्या राहिल्या.

सकाळी रंगकर्मी, बॅकस्टेजची मंडळी, म्हातारे प्रेक्षक तिथे जमले. बरेच जण रडत होते. ही माणसं नुसत्या इमारतीसाठी रडत नव्हती. कुणी तिथे पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता, कुणी बापाच्या खांद्यावर बसून पहिलं नाटक पाहिलं होतं, कुणाचं पोट त्या दिव्यांवर आणि पडद्याच्या दोऱ्यांवर चालत होतं.

राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. वास्तू जशी होती तशी उभी करायची, अशी शहराची मागणी होती. गेल्या दशकातच या नाट्यगृहाचं मोठं नूतनीकरण झालं होतं, हे इथे आठवायला हवं. जुन्या वास्तूला नवे रंग आणि नव्या खुर्च्या देणं सोपं असतं. विजेची वायरिंग वेळोवेळी तपासणं, आग विझवण्याची साधनं चालू ठेवणं, रात्रीचा पहारा नीट ठेवणं, ही न दिसणारी कामं कंटाळवाणी असतात. पण वास्तू टिकते ती त्यांच्यावरच. आपल्या मशिदी, मदरसे, शाळा आणि शादीखाने यांच्या विश्वस्तांनीही यावरून धडा घ्यावा. वायरिंग शेवटचं कधी तपासलं, आग विझवण्याच्या नळकांड्यावरची तारीख काय आहे, मागचं दार कुलूपबंद तर नाही ना, हे आजच पाहावं.

मुलांना काय सांगायचं

त्या मुलीला आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. वर्गाला गृहपाठ दिला. घरातल्या सर्वात वयस्क माणसाला विचारा, खासबागेत कधी कुस्ती पाहिली का, थिएटरला कधी गेले का, आणि जे सांगतील ते लिहून आणा.

पुढच्या आठवड्यात वह्या आल्या. एकाच्या दादांनी मैदानात रात्रभर बसून कुस्त्या पाहिल्या होत्या. एकीचे नाना तिथे सायकल स्टँडवर काम करायचे. एकाचे परदादा मैदानाजवळ उसाचा रस विकायचे. एका मुलाच्या घरी कुणालाच काही माहीत नव्हतं, पण त्याचा अब्बा त्याला रविवारी तिथे घेऊन गेला आणि दोघांनी बाहेरून जळक्या भिंती पाहिल्या. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या वहीत चार ओळी होत्या. तिच्या दादीचे वडील शिंपी होते आणि नाटकवाल्यांचे कपडे शिवायचे. दादीने हे घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

वाचकांना आमची विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, हाच प्रश्न आपल्या घरातल्या वयस्कांना विचारा. तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर आपल्या गावातलं जुनं नाट्यगृह, तालीम, वाचनालय, टाऊन हॉल घ्या. ते कुणी बांधलं, तिथे आपल्यापैकी कोण काय काम करत होतं, हे विचारून तारखेसह लिहून ठेवा. दुसरी, आपल्या शाळांच्या सहली दूरच्या वॉटर पार्कला नेण्याआधी एकदा दसरा चौकातलं बोर्डिंग आणि खासबाग मैदान एकाच दिवसात पायी दाखवा. त्याला खर्च काही नाही. तिसरी, नाट्यगृह पुन्हा खुलं होईल तेव्हा आपल्या मुलांची वक्तृत्व स्पर्धा किंवा शाळेचा बक्षीस समारंभ तिथे करण्यासाठी महानगरपालिकेकडे वेळेत अर्ज करा. भाडं भरा, पावती घ्या, मुख्य दारातून आत जा.

त्या मुलीची वही आम्ही तपासून परत दिली. खाली लाल शाईत एवढंच लिहिलं : "परदादांचं नाव काय होतं? दादींना विचारून लिही."

दुसऱ्या दिवशी तिने ते लिहून आणलं.